चाळीस सबस्क्रिप्शनं, तीन माणसांची आयटी टीम: ऑटोमेट काय करायचं आणि काय माणसाच्याच हातात ठेवायचं

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. वाळूजला ऑटो पार्ट्सची कंपनी, साडेतीनशेच्या आसपास स्टाफ, आयटीत तुम्हाला धरून तीन जण, लहानमोठी मिळून चाळीसेक सॉफ्टवेअरची सबस्क्रिप्शनं आणि सगळा हिशोब एका एक्सेल शीटमध्ये. मागच्या महिन्यात डिझाईनचं एक सॉफ्टवेअर आपोआप वर्षभरासाठी रिन्यू झालं, त्यातली निम्मी लायसन्स कुणी उघडतसुद्धा नव्हतं. एमडी साहेब म्हणले हे सगळं ऑटोमेट करून टाका. सबस्क्रिप्शनं सांभाळणाऱ्या टूलची दोन कंपन्यांकडून कोटेशनं आलीत आणि यातलं कोणतं टूल घ्यावं हा तुमचा प्रश्न. वर मार्चमध्ये मायक्रोसॉफ्ट ३६५ चं वार्षिक रिन्यूअल आहेच.

मी बरीच वर्षं चिकलठाण्याला कंपनीत आयटी सांभाळलं, आता शेंद्रा, वाळूज, जालना इकडच्या कंपन्यांना हेच काम करून देतो. कोटेशनवर शेवटी येतो, कारण माझ्या मते तो प्रश्न शेवटचाच आहे.

तुमचं ते सॉफ्टवेअर रिन्यू झालं ते तारीख विसरल्यामुळे नाही, तारीख शीटमध्ये होती असं तुम्हीच लिहिलंय. निम्मी लायसन्स नको आहेत हे सांगायचं काम नेमकं कुणाचं, हे ठरलेलं नव्हतं. आयटीला वाटलं डिझाईनवाले सांगतील, डिझाईनवाल्यांना वाटलं परचेस बघून घेईल, परचेसकडे मागच्या वर्षीचा पीओ (खरेदीची ऑर्डर) होता तोच त्यांनी पुढं ओढला. सामायिक विहिरीचं जसं असतं, पाणी सगळेच उपसतात पण गाळ काढायचा कुणी हे कुणीच बोलत नाही. आता सांगा, लाखाचं टूल आणलं तरी ते आठवणीचा मेल पाठवणार कुणाला? आयटीच्याच ग्रुपला. आणि आयटीला त्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरचं खरं काम कुठं माहितीय.

म्हणून पहिलं काम ऑटोमेशनचं नाहीच. शीटमध्ये प्रत्येक सबस्क्रिप्शनसमोर एका माणसाचं नाव घाला, डिपार्टमेंटचं नाही, माणसाचं, आणि तो माणूस आयटीचा नको. डिझाईनच्या सॉफ्टवेअरला डिझाईन हेड, हजेरी-पगाराच्या सॉफ्टवेअरला एचआर मॅनेजर, टॅलीला अकाउंट्स हेड. आयटीच्या नावावर फक्त आयटीचीच राहतील, म्हणजे अँटीव्हायरस, बॅकअप, डोमेन, फायरवॉलचं लायसन्स वगैरे. ज्याच्यासमोर घालायला नावच सापडत नाही ते सबस्क्रिप्शन बहुतेक बंदच करायच्या लायकीचं असतं, पण बंद करायच्या आधी एक महिना थांबून सगळ्यांना विचारा.

दुसरा कॉलम बऱ्याच शीटमध्ये नसतोच, "नाही म्हणायची शेवटची तारीख". रिन्यूअलची तारीख वेगळी आणि ही वेगळी. कित्येक करारांत लिहिलेलं असतं की रिन्यूअलच्या ३०, ६० नाहीतर ९० दिवस आधी लेखी कळवलं नाही तर आपोआप पुढच्या वर्षासाठी चालू राहील. म्हणजे ३१ मार्चचं रिन्यूअल असलं आणि नोटीस ९० दिवसांची असली की निर्णय डिसेंबर संपायच्या आत व्हायला पाहिजे, मार्चमध्ये आठवण येऊन काय उपयोग. चाळीसच्या चाळीस करार उघडून ही एक ओळ शोधणं कंटाळवाणं आहे पण ते एकदाच करायचंय, आणि ते केल्याशिवाय कुठलंच ऑटोमेशन बरोबर चालत नाही कारण मशीन चुकीच्या तारखेची आठवण अगदी वक्तशीर देत राहतं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो. तुमच्याकडं माणसं किती बदलतात, कंत्राटी लोक किती, हजेरीच्या सॉफ्टवेअरमधून रोज यादी बाहेर काढता येते का, आणि तुमचं मायक्रोसॉफ्टचं लायसन्स कोणत्या प्रकारचं आहे, यावर पुढचं बरंचसं ठरतं. बिझनेस प्रीमियम असेल तर त्यात एंट्रा आयडी पी१ (मायक्रोसॉफ्टची लॉगिन सांभाळणारी सेवा) येतं, ग्रुपवरून आपोआप लायसन्स देणं आणि शेवटचा लॉगिन कधी झाला ते काढणं त्यामुळं सोपं जातं. बेसिक किंवा स्टँडर्ड असेल तर यातलं थोडं हातानं किंवा आडवळणानं करावं लागतं.

सबस्क्रिप्शनं नक्की किती आहेत हे शोधायला तुमच्या शीटवर विसंबू नका, चाळीस म्हणता तिथं पन्नास निघतील. मी चार ठिकाणी बघतो. एक, कंपनीच्या कार्डाचं आणि बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट, वर्षभराचंच, कारण वार्षिक वर्गणी तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये दिसत नाही. दोन, टॅलीमधली सॉफ्टवेअर खर्चाची लेजर, त्यासोबत प्रवासखर्च आणि किरकोळ खर्चाची पण, कारण मार्केटिंगच्या पोरांनी स्वतःच्या कार्डानं काहीतरी घेऊन ते रीइम्बर्समेंटमध्ये टाकलेलं असतं. तीन, जीएसटी पोर्टलवरचं जीएसटीआर-२बी हे स्टेटमेंट, भारतातल्या नोंदणीकृत व्हेंडरांची बिलं तिथं आपोआप येतात, फक्त लक्षात ठेवा की परदेशी कंपनीकडून थेट घेतलेली सेवा त्यात दिसत नाही. चार, एंट्रामधले एंटरप्राईज ॲप्लिकेशन्स, लोकांनी ऑफिसच्या आयडीनं कुठं कुठं साईन इन केलंय ते तिथं दिसतं. ही शेवटची यादी बघून पहिल्यांदा धक्का बसतो, मीटिंगच्या नोट्स काढणाऱ्या ॲपला कुणीतरी पूर्ण मेलबॉक्स वाचायची परवानगी दिलेली असते. पैशापेक्षा हा धोका मोठा आहे, तो वेगळा काढून आधी बंद करा, आणि नवीन ॲपला परवानगी द्यायची तर ॲडमिनची मंजुरी लागेल अशी सेटिंग करून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. या कामात माझा एकच नियम आहे: शोधणं, मोजणं, आठवण देणं आणि विचारणं हे मशीनकडं, आणि लायसन्स काढायचं की ठेवायचं हे माणसाकडं. याला अपवाद एकच, कंपनी सोडून गेलेला माणूस. त्याचा ॲक्सेस मशीननं लगेच, कुणाला न विचारता बंद करायचा.

आधी त्या अपवादाचंच सांगतो, कारण सुरुवात तिथूनच करायची. समजा तुमचा एक डिझाईन इंजिनीअर चाकणला चांगली नोकरी लागली म्हणून चाललाय. आयटीला हे कधी कळतं? बहुतेक ठिकाणी लॅपटॉप जमा करायला येतो तेव्हा, किंवा तो गेल्यावर चार दिवसांनी. ते बदलायचं. एचआरच्या हजेरी सॉफ्टवेअरमध्ये राजीनामा मंजूर झाला की शेवटची तारीख भरली जाते, रोज रात्री ती यादी एका फोल्डरमध्ये सीएसव्ही (साधी मजकुराची फाईल) म्हणून पडेल एवढं त्या व्हेंडरकडून करून घ्या, बहुतेकांच्या सॉफ्टवेअरमध्ये रिपोर्ट शेड्यूल करायची सोय असतेच. तुमची स्क्रिप्ट (आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम) ती यादी वाचेल. शेवटच्या दिवशी संध्याकाळी साईन इन ब्लॉक, चालू असलेले सगळे सेशन रद्द, म्हणजे त्याच्या मोबाईलमधलं आउटलुकसुद्धा बंद. मग मेलबॉक्सचं रूपांतर शेअर्ड मेलबॉक्समध्ये, त्याला ५० जीबीपर्यंत लायसन्स लागत नाही, आणि त्याच्या मॅनेजरला त्याचा ॲक्सेस. वनड्राईव्हमधल्या ड्रॉइंग फाईली डिपार्टमेंटच्या शेअरपॉइंटवर हलवा. हे हलवणं टाळू नका, २०२५ पासून लायसन्स काढलेल्या खात्याचं वनड्राईव्ह ९३ दिवसांनी आर्काइव्हमध्ये जातं आणि मग ते उघडायला पैसे लागतात. हे सगळं झाल्यावर मगच लायसन्स काढायचं, आणि खातं डिलीट करायचं ते अजून नंतर. डिलीट केलेलं खातं ३० दिवस परत आणता येतं, त्यानंतर नाही. आणि ही लायसन्स काढायची पायरी मॅनेजरनं "फाईली मिळाल्या" असं कळवल्यावरच पुढं सरकू द्या. ॲक्सेस बंद करायला कुणाची वाट बघायची नाही, डेटा सोडायला मात्र बघायची.

एवढं करूनही एक फट राहते, कंत्राटी माणसं. वाळूजला काय आणि शेंद्र्याला काय, ठेकेदारामार्फत आलेले डेटा एंट्रीचे, स्टोअरचे, क्वालिटीचे लोक तुमच्या पगारपत्रकावर नसतात, त्यांची हजेरी ठेकेदाराच्या मस्टरवर. त्यांना मेल आयडी आणि ईआरपीचं लॉगिन मात्र तुम्ही दिलेलं असतं. ते गेले तरी एचआरच्या यादीत कधीच येत नाहीत. त्यांच्यासाठी सरळ खात्यालाच शेवटची तारीख घाला, ९० दिवसांची, आणि संपायच्या आठवडाभर आधी सुपरवायझरला विचारणा जाऊ द्या, वाढवायचं का. नाही म्हणला किंवा गप्प बसला तर बंद. इथं गप्प बसण्याचा अर्थ "बंद" धरायला हरकत नाही कारण माणूस खरंच कामावर असेल तर तो सकाळीच येऊन सांगतो, आणि दोन मिनिटांत चालू करून देता येतं.

नो ड्यूज फॉर्मवर आयटीची सही आहे का बघा. असेल तर ती सही स्क्रिप्टच्या रिपोर्टशी जोडा, फुल अँड फायनल त्याशिवाय निघणार नाही असं एचआरशी ठरवा. कागदाची ताकद कमी समजू नका, आपल्याकडच्या कंपन्यांत अजून तोच चालतो.

आता दुसरा भाग, माणूस आहे पण सॉफ्टवेअर वापरत नाही. इथं टूलवाले फार सोपं करून सांगतात, ९० दिवस लॉगिन नाही की लायसन्स आपोआप काढून घेऊ, एवढे पैसे वाचतील. हे ऐकून एमडी खूश होतात. पण लॉगिनचा आकडा प्लांटमध्ये खोटं बोलतो. तुमच्या क्वालिटीच्या मॅडम मोजमापाच्या अभ्यासाचं सॉफ्टवेअर नवीन पार्टची पीपॅप फाईल (ग्राहकाच्या मंजुरीची कागदपत्रं) सबमिट करायची असते तेव्हाच उघडतात, आयएटीएफ १६९४९ चं (वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं) ऑडिट आलं की आठवडाभर दिवसरात्र तेच चालू असतं, बाकी वर्ष शांत. अकाउंट्समध्ये टीडीएसचं सॉफ्टवेअर तिमाहीला. शॉप फ्लोअरवर एका कॉम्प्युटरवर तीन शिफ्टचे लोक एकाच लॉगिननं काम करायलेत, तिथं आकडा कायम चालूच दिसतो. आणि बाळंतपणाची रजा घ्या, कायद्यानं २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवड्यांची आहे, म्हणजे १८२ दिवस. ९० दिवसांचा नियम आंधळेपणानं लावला तर रजेवरच्या बाई परत कामावर येतील तेव्हा त्यांचा मेलच बंद सापडेल. हे कुणाच्याही बाबतीत होऊ नये म्हणून रजेची यादी स्क्रिप्टला आधी द्या, दीर्घ रजेवरची माणसं त्या तपासणीतून बाहेर.

म्हणून न वापरलेल्या लायसन्ससाठी मशीननं फक्त विचारायचं, आणि नीट विचारायचं. माझ्याकडं मेलचा मजकूर असा असतो:

"नमस्कार सर, तुमच्या डिपार्टमेंटमधल्या खालच्या चार जणांनी १ सप्टेंबरपासून हे सॉफ्टवेअर उघडलेलं नाही. एका लायसन्सचा वर्षाचा खर्च शेजारी दिला आहे. रिन्यूअलला नाही म्हणायची शेवटची तारीख २० डिसेंबर. प्रत्येक नावासमोर एक निवडा: ठेवा, काढा, दुसऱ्याला द्या. 'ठेवा' म्हणत असाल तर पुढचा वापर कधी होणार ते एका ओळीत लिहा."

त्या शेवटच्या ओळीनं काम होतं. "पीपॅपला लागतं, फेब्रुवारीत" असं कुणी लिहिलं तर ते लायसन्स खरंच पाहिजे. काहीच लिहिता आलं नाही की माणूस स्वतःच "काढा" वर येतो. खर्चाचा आकडा समोर असणंही गरजेचं, डिपार्टमेंट हेडला आपल्या नावावर वर्षाला किती पैसे जातात हे कधी कुणी सांगितलेलंच नसतं. उत्तर आलं नाही तर आठवड्यानं एकदा परत, मग अकाउंट्स हेडला कॉपी. गप्प बसण्याचा अर्थ इथं "काढा" धरू नका, ठेकेदाराच्या लोकांपेक्षा इथं उलट नियम, कारण क्वालिटीचं सॉफ्टवेअर ऑडिटच्या आदल्या दिवशी बंद पडलं तर ते वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट महाग पडतं.

हे बनवायला तुम्हाला वेगळं काही विकत घ्यावं लागणार नाही. शीट शेअरपॉइंटवर लिस्ट म्हणून न्या, पॉवर ऑटोमेट या मायक्रोसॉफ्टच्या ऑटोमेशन साधनाचे साधे कनेक्टर (दुसऱ्या सॉफ्टवेअरशी जोडणारे भाग) तुमच्या लायसन्समध्ये येतात, त्यातून मेल, मंजुरी, आठवण सगळं होतं. बाहेरच्या सिस्टीमला थेट जोडणारे प्रीमियम कनेक्टर लागले की मात्र वेगळे पैसे, म्हणून ते काम पॉवरशेलकडं (विंडोजमध्ये कमांड चालवायचं साधन) द्या. ग्राफ पॉवरशेलमधून एका कमांडवर विकत घेतलेली लायसन्स किती आणि दिलेली किती हे निघतं, टास्क शेड्युलरवर आठवड्याला लावलं की झालं. ज्यांच्याकडं गूगल वर्कस्पेस आहे त्यांनी ॲप्स स्क्रिप्ट वापरा, तिथं एक गोष्ट लक्षात ठेवायची की सस्पेंड केलेल्या युजरचं बिल चालूच राहतं, आणि डिलीट केलेला युजर फक्त २० दिवस परत आणता येतो.

एक महत्त्वाचं, हे ऑटोमेशन स्वतः कुणाच्या खात्यावर चालतंय ते बघा. फ्लो (पॉवर ऑटोमेटमध्ये बसवलेलं काम) बनवणाऱ्या पोरानं तो स्वतःच्या आयडीनं बनवला, सहा महिन्यांनी त्यानंच नोकरी सोडली, त्याचं खातं बंद झालं आणि त्यासोबत सगळ्या आठवणी बंद, कुणाला पत्ताच नाही. वेगळं सर्व्हिस अकाउंट ठेवा, फ्लोला दुसरा मालक जोडा, त्या खात्याला ग्लोबल ॲडमिन अजिबात देऊ नका, जेवढं काम तेवढाच अधिकार. आणि दर सोमवारी "चालू आहे, इतकी नावं तपासली" असा मेल तिघांना येऊ द्या, ज्या सोमवारी तो येणार नाही त्या दिवशी कळेल. पहिला महिना काहीही बंद न करता फक्त रिपोर्ट काढा, हातानं पडताळून बघा. शीटमधली नावं आणि एचआरमधली नावं जुळत नाहीत हे तेव्हाच बाहेर येतं, एकाचं आडनाव आधी, दुसऱ्याचं नाव आधी, तिसऱ्याचं लग्नानंतर बदललेलं. नावावर नाही, एम्प्लॉयी कोडवर जुळवा.

पैशाच्या बाजूनं दोन गोष्टी, कारण सबस्क्रिप्शन बंद पडतं ते बऱ्याचदा इथंच. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा ई-मँडेटचा नियम लागू आहे, कार्डावरून आपोआप जाणाऱ्या पैशाची सूचना २४ तास आधी येते, आणि १५,००० रुपयांच्या वर असेल तर दर वेळी ओटीपी लागतो. आधी ही मर्यादा ५,००० होती, जून २०२२ मध्ये वाढवली. आता ते कार्ड एमडींचं, ओटीपी एमडींच्या मोबाईलवर, आणि साहेब विमानात. पेमेंट अडकलं, सेवा थांबली, आणि फोन तुम्हाला. मोठी सबस्क्रिप्शनं इथल्या रिसेलरकडून पीओवर घ्या, बिलावर जीएसटी येतो, क्रेडिट मिळतं, उधारीचे दिवस मिळतात. कार्डावर फक्त लहान ठेवा, आणि कार्डाची एक्सपायरी पण शीटमध्ये टाका. परदेशी कंपनीकडून थेट घेत असाल तर त्यांच्या पोर्टलवर जीएसटी नंबर भरलाय का बघा. भरला असेल तर १८ टक्के जीएसटी आरसीएममध्ये (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानं टॅक्स भरायची पद्धत) तुम्ही भरता आणि क्रेडिट घेता, नसेल तर ते तुम्हाला साधा ग्राहक समजून टॅक्स लावतात आणि मग तो परत मिळवणं अवघड. तुमच्या सीएसोबत एकदा बसून यादी तपासा.

एमडींना एक गोष्ट आताच सांगून ठेवा, नाहीतर नंतर निराशा होते. लायसन्स मोकळं झालं म्हणजे बिल कमी झालं असं नाही. वार्षिक करारात वर्षाच्या मध्ये तुम्ही पन्नास लायसन्स मोकळी केली तरी पैसे तेवढेच जातात. त्याचा फायदा दोनच ठिकाणी होतो, नवीन माणूस आला की नवं न घेता मोकळं देता येतं, आणि रिन्यूअलला आकडा कमी करता येतो. म्हणजे पहिल्या वर्षी बचत कमी दिसणार, खरी दिसणार ती एकेक रिन्यूअल येईल तशी. सिंगल साईन ऑन (एकाच लॉगिननं सगळी ॲप उघडणं) आणि स्किम जोडलं तरी हेच. स्किम हे खाती ॲपांमध्ये आपोआप जुळवायचं तांत्रिक मानक आहे, त्यानं एका ठिकाणी माणूस बंद केला की बाकीच्या ॲपमध्येही तो बंद होतो, काम चांगलंच आहे, पण खरेदी केलेल्या सीटांचा (म्हणजे लायसन्सचा) आकडा ते कमी करत नाही. शिवाय बऱ्याच कंपन्या ही सोय वरच्या प्लॅनमध्येच देतात. ज्या तीन-चार ॲपमध्ये शंभरावर लोक आहेत तिथं हिशोब करून बघा, सात लोकांच्या ॲपसाठी वरचा प्लॅन घेऊ नका, ते हातानं बंद करायला एक मिनिट लागतं.

तुमच्या डिझाईनवाल्यांचं थोडं वेगळं बघावं लागेल. ऑटोडेस्कनं ऑगस्ट २०२० पासून नेटवर्क लायसन्स बंद करत नेऊन प्रत्येक माणसाच्या नावानं लायसन्स द्यायला सुरुवात केली. आधी दोन शिफ्टचे इंजिनीअर सर्व्हरवरची एकच सीट वाटून घ्यायचे, आता तसं एकच लॉगिन दोघांनी वापरणं नियमबाह्य आहे, ते करू देऊ नका. ज्यांना महिन्यात एखादा दिवसच ड्रॉइंग उघडायचंय त्यांच्यासाठी फ्लेक्स टोकनची सोय आहे, वापरलेल्या दिवसाचे टोकन जातात. आणि ज्यांना फक्त बघायचंय, बदलायचं नाही, त्यांना फुकटचा व्ह्यूअर पुरतो. मेंटेनन्स आणि परचेसवाल्यांकडची लायसन्स तपासा, तिथं बरेच फक्त बघणारेच सापडतील.

आता मार्च. मायक्रोसॉफ्टच्या सध्याच्या पद्धतीत वार्षिक करारात सीटा कधीही वाढवता येतात पण कमी करता येतात त्या फक्त रिन्यूअलला, किंवा रिन्यूअल झाल्यावर पहिल्या सात दिवसांत. ते सात दिवस गेले की वर्षभर काही करता येत नाही. म्हणून जानेवारीत वरचा विचारणीचा मेल सगळ्या डिपार्टमेंट हेडना जाऊ द्या, फेब्रुवारीत आकडा पक्का करा, आणि रिन्यूअलचा आकडा कमी करायचं तुमच्या मायक्रोसॉफ्ट पार्टनरला (लायसन्स विकणाऱ्या रिसेलरला) आधीच लेखी द्या. सात दिवसांची मुदत चूक दुरुस्तीसाठी ठेवा, मूळ कामासाठी नाही.

आणि सगळ्या सीटा वार्षिक घेऊ नका. महिन्याच्या कराराचा दर वार्षिकपेक्षा २० टक्के जास्त असतो, म्हणून लोक घाबरतात, पण हिशोब करा. वार्षिकला महिन्याचे १०० धरले तर वर्षाचे १,२००, माणूस राहो न राहो. महिन्यावर घेतलं तर १२० प्रमाणे दहा महिन्यांचे १,२०० होतात. म्हणजे जी सीट वर्षात दहा महिन्यांपेक्षा कमी लागणार आहे ती महिन्यावरच स्वस्त. डिप्लोमाचे ट्रेनी, सहा महिन्यांचे अप्रेंटिस, प्रोजेक्टपुरते आलेले लोक, यांच्या सीटा महिन्यावर काढा. ज्या सुपरवायझरना मोबाईलवर मेल आणि टीम्स एवढंच लागतं त्यांच्यासाठी एफ३ (मायक्रोसॉफ्टचं शॉप फ्लोअरवरच्या लोकांसाठीचं लायसन्स) बघा, मेलबॉक्स २ जीबीचाच असतो पण त्यांना तेवढा पुरतो आणि दर बिझनेस प्रीमियमपेक्षा बराच कमी आहे.

राहिली कोटेशनं. मार्चचं रिन्यूअल होईपर्यंत दोन्ही होल्डवर ठेवा. साडेतीनशे लोक, चाळीस-पन्नास सबस्क्रिप्शनं आणि एकच प्लांट असेल तर माझ्या मते शीट, पॉवर ऑटोमेट आणि एचआरची यादी यावर तुमचं काम भागेल. पुढं दुसरा प्लांट झाला, पुण्याला ऑफिस उघडलं, सबस्क्रिप्शनं शंभरावर गेली, तर टूल लागेल, तेव्हा जरूर घ्या, तोवर मालकांची नावं आणि तारखा तयार असतील तर ते बसवायला पण सोपं जाईल. तेव्हाही विकणाऱ्याला डेमोमध्ये त्यांचा नमुना डेटा दाखवू देऊ नका, तुमच्याच वीस ॲपची यादी द्या आणि विचारा की यातल्या किती ॲपचा वापर तुम्ही थेट वाचू शकता. परदेशी मोठी ॲप सगळी निघतील, पण तुमचं हजेरीचं सॉफ्टवेअर, स्थानिक व्हेंडरनं बनवलेलं ईआरपी, टॅली, यांचं काय ते ऐका. आपल्याकडच्या कंपनीत निम्मं काम त्यातच चालतं.

तुमच्या हजेरी सॉफ्टवेअरचं नाव आणि मायक्रोसॉफ्टचं लायसन्स नक्की कोणतं ते कळवा. सोडून गेलेल्यांची यादी त्यातून रोज कशी काढायची हे त्यावर ठरेल, ती स्क्रिप्ट कशी लिहायची ते मी पायरीपायरीनं सांगतो.